निळ्या सदऱ्यावरचा कापूस

सायकल फेरीवर मी आजवर दोनदा लिहिलं आहे आणि दोन्ही वेळा खोटं लिहिलं. पहिल्यांदा शाळेच्या वार्षिक अंकात, दुसऱ्यांदा संस्थेच्या अहवालात. गावोगावचं स्वागत, लेझमीचे ताफे, सुवासिनींनी ओवाळलं ते, असं सगळं लिहिलं. वाचून लोकांना बरं वाटलं. यंदा संस्थेची स्मरणिका निघायची आहे, तर कारकून घरी येऊन म्हणाला, "सर, त्या फेरीवर पुन्हा दोन पानं द्या ना. त्यातले आता इथं तुम्हीच उरले."

मी हो म्हटलं. कागद घेऊन बसलो. 'प्रभातसमयी' एवढा शब्द लिहिला आणि पुढं सरकेना. चार दिवस तो कागद टेबलावर तसाच पडला होता. पाचव्या दिवशी मी घाटंजीची मोटार धरली आणि एका तांड्यावर जाऊन आलो. तिथं काय झालं ते शेवटी सांगतो. आधी तो दिवस.

साल छप्पन. हिवाळा. आपला जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला त्याला महिना-दीड महिना झाला होता. शाळांना कोणाचे नियम लागू, जुने की नवे, हे शाळा तपासणाऱ्यांनाही सांगता येत नव्हतं. आमच्या संस्थेनं जूनमध्ये नवं हायस्कूल काढायचं ठरवलं होतं आणि त्यात कवायत मास्तराची जागा होती. एक. त्याआधी व्यायामाचा प्रचार म्हणून सायकल फेरी निघाली: यवतमाळ, घाटंजी, पांढरकवडा, मारेगाव, वणी आणि परत. आम्ही चौदा जण. पुढारी म्हणून संस्थेचे जुने व्यायाम शिक्षक, त्यांना आम्ही प्रमुख सर म्हणायचो. पुण्याकडचे होते. गळ्यात शिट्टी, आणि बोलणं शिट्टीसारखंच.

निघताना त्यांनी सांगून टाकलं, "मागे ट्रक आहे. पंक्चर झालं, सामान हवं, तर ट्रक. बसायला ट्रक नाही. जो ट्रकमध्ये बसला तो फेरीतून बाद. आणि ज्यांना जूनच्या जागेची आशा आहे त्यांनी तर हे पाठच करावं."

आशा दोघांनाच होती. बाकीचे बारा जण कॉलेजातले पोट्टे, मौजेसाठी आलेले. अमरावतीला उन्हाळ्यात कवायतीचा वर्ग केलेले फक्त मी आणि तो.

तो घाटंजीजवळच्या एका तांड्यावरचा. त्याचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलूख पालथा घालायचे. रेल्वे आली, लदेणी संपली, तांडा एका माळावर बसला आणि ज्वारी-कापूस पेरू लागला. त्या तांड्यातला हा पहिला मॅट्रिक. एका खेड्यात रजेच्या जागेवर मास्तर होता, ती रजा उन्हाळ्यात संपणार होती. त्याच्या बापानं तेवढ्यात साऱ्या तांड्याला सांगून टाकलं होतं की पोरगा जूनपासून हायस्कुलात मास्तर होणार.

माझं काय? आमची घरची शेती होती, चांगली. कापूस, तूर, दोन बैलजोड्या. नोकरी मिळाली नसती तर मी शेतावर गेलो असतो. थोरल्या भावाच्या हाताखाली राबायचं नव्हतं, एवढीच माझी अडचण. ती अडचण मी तेव्हा फार मोठी समजत होतो.

पांढरकवड्याहून आम्ही उजाडताच निघालो. गावातून जाताना दोन-दोनची रांग, सगळ्यांचे गडद निळे सदरे, पांढऱ्या अर्ध्या चड्ड्या, आणि एका शिट्टीवर चौदा घंट्या एकदम. प्रमुख सरांचा नियम होता, गावात कोणी हसायचं नाही. बाजाराच्या रस्त्यावर एक पानवाला दुकान उघडत होता. तो ओरडला, "सर्कस हाय काय हो? वाघ कोठी हाय?"

तांड्यावरचा तो माझ्या शेजारी होता. मान न वळवता म्हणाला, "सगळ्याच्या समोर हाय. शिट्टी वाजवून राह्यला."

मला हसू आवरेना. सर पुढून गरजले, "मागे कोण?" दोघंही एकदम गंभीर. त्या सबंध दिवसात मनापासून हसल्याचं तेवढंच आठवतं.

त्या दिवशी शेवटच्या जोडीत आम्ही दोघं होतो. शेवटच्या जोडीचं काम असं, की कोणी मागे पडला तर त्याच्यासोबत राहायचं. आमच्या मागे ट्रक. ट्रक एका जिनिंगवाल्या शेटजींनी दिलेला, लढाईच्या वेळचा जुना. मोसम कापसाचा, तेव्हा शेटजींनी एका कामात दोन कामं उरकली होती: अर्ध्या ट्रकात वणीच्या जिनिंगला पोचवायचा सुटा कापूस, अर्ध्यात आमच्या वळकट्या, भांडी, ट्यूबा, पंप. स्वयंपाकी पहाटेच्या मोटारीनं पुढच्या गावी जायचा. ट्रकमध्ये एकटा ड्रायव्हर. वयानं आमच्याहून मोठा म्हणून आम्ही त्याला चाचा म्हणायचो.

शेवटच्या जोडीत मी मुद्दाम मागून घेतलं होतं. कारण मला माहीत होतं की आज माझा ताप यायचा. महिनाभर मला हिवताप होता, एक दिवसाआड, ठरल्या वेळेला, कचेरीत यावा तसा. फेरीत नाव घालताना मी ते कोणाला सांगितलं नाही. फेरीतली पहिली पाळी घाटंजीला मुक्कामावर आली, पांघरुणात निघून गेली. हे फक्त त्याला ठाऊक होतं. तो म्हणालाही होता, "सरले सांगून दे ना लेका. तापाले काय कोणी नाई म्हणते?"

"बाद करतील."

"अन् रस्त्यात पडला तं?"

"तू आहेस ना."

असं म्हणालो होतो मी.

करंजीहून मारेगावच्या रस्त्याला वळलो. सागाचं रान लागलं. रस्ता कच्चा, धुळीचा. पुढचे बारा जण चढ संपवून वळणाआड गेले, सरांची शिट्टी ऐकू येईनाशी झाली. आणि थंडी आली. आधी बोटांत. हँडल धरलेलं आहे हे कळेना. मग दात वाजायला लागले. मी उतरलो की पडलो ते सांगता येत नाही. डोळे उघडले तेव्हा तो माझी सायकल बाजूला ओढत होता आणि ट्रक थांबला होता.

"चाचा, याले मांगं टाकू."

चाचानं डोकं बाहेर काढलं. "जल्दी कर भाई. शेठ को मालूम पडा तो मेरी छुट्टी."

त्यानं मला पाठकुळी घेतलं. ट्रकची मागची फळी पाडली, मला पाठीवर घेऊनच वर चढला आणि उलटा होऊन त्या कापसाच्या ढिगात बसला, म्हणजे मी ढिगात आणि मला सोडताना त्याची पाठही ढिगात. मला आत सारलं. दोन्ही हातांनी कापूस ओढून माझ्यावर घातला, गळ्यापर्यंत. म्हणाला, "घूस आत. गरम राहीन." मग खाली उतरला, माझी सायकल उचलून वर टाकली, फळी लावली.

आत अंधार नव्हता, ताडपत्री वर अर्धीच होती. सरकीचा तेलकट वास. मी कापसात हुडहुडत पडलो होतो. तो ट्रकच्या पुढं सायकलवर होता. मधूनमधून घंटी वाजवायचा. पुढं कोणी नव्हतं, बाजूला कोणी नव्हतं. तो सोबत आहे एवढं मला कळावं म्हणून वाजवत असावा. मी त्या घंटीची वाट बघत होतो हे खरं आहे. त्या दिवसातलं जे जे खरं होतं त्यातलं हे एक.

मारेगाव मैलभर राहिलं तेव्हा एका नाल्याशी ट्रक थांबला. थंडी सरून घाम सुटला होता. डोकं जड, पण पायावर उभा राहू शकत होतो. चाचा म्हणाला, "अब उतरो. गाँव में मैं किसीको नहीं दिखाता." माझी सायकल उतरवली आणि चाचा ट्रक घेऊन हळूहळू पुढं गेला.

माझ्या अंगावर घाम आणि घामावर कापूस. सदऱ्याला, केसांना, भुवयांना. त्यानं स्वतःचा पंचा नाल्यात बुडवला आणि मला पुसायला बसला. वेचून वेचून. म्हणाला, "कान इकडं कर. आरे, याच्यात तं बोंड फुटलं! वेचणीले बाया लावा लागते आता."

मी म्हटलं, "सरले सांगू नको."

"मी कायले सांगतो?" तो माझी कॉलर उलटी करून पाहत होता. "आमच्या आज्याच्या लदेणीत असं होतं, का चालता चालता कोणी आजारी पडला तं त्याले बैलावर घेत. पण त्याचं नाव दुसऱ्यानं घ्यायचं नाई. संध्याकाळी मुक्काम पडला, का तो सोता उठे अन् त्या बैलाले आपल्या हातची भाकर चारे. सगळ्याच्या समोर. झालं. तेवढ्यानं समजे सगळ्याले. कोणी त्याले हसे नाई."

"बरं."

"तं तूच सांगजो. वणीले सांग, मुक्कामावर. सर मानतीन. ताप हाय, काही चोरी नोहे."

"हो," मी म्हटलं. "वणीला सांगतो."

मग तो उठला, पंचा पिळला, माझ्याकडे पाठ केली आणि म्हणाला, "पाह्य रे, माह्या अंगाले काही लागलं का?"

इथं थांबतो. बारा वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मला ताप होता, डोळ्यांसमोर नीट दिसत नव्हतं. दिसत होतं. खांद्यापासून कमरेपर्यंत, जिथं जिथं घामानं सदरा भिजला होता तिथं तिथं, गडद निळ्यावर पांढरा कापूस. माझा हात वर गेला. पुसायलाच गेला. आणि मधेच माझ्या मनात आलं की जागा एक आहे. एवढंच आलं, याच्यापुढं काही आलं नाही. मी काही बेत केला नव्हता. हात खाली आणला आणि म्हणालो, "नाही. साफ आहे."

"चाल मंग," तो म्हणाला आणि सायकलवर बसला.

गावाबाहेर चिंचेखाली सगळे थांबले होते. मारेगाव तेव्हा लहान, पण स्वागताला माणसं आली होती. लेझमीची मुलं रांगेत, हार ताटात. सर घाईत होते. "उशीर का?"

"पंक्चर सर," मी म्हणालो. खोटं बोलायला वेळ लागला नाही.

सरांनी रांग लावली आणि नेहमीप्रमाणे मागून पाहणी सुरू केली. कोणाचा बूट सुटलेला, कोणाची टोपी तिरपी. त्याच्यामागे येऊन ते थबकले. बोटाच्या चिमटीत एक पुंजका उचलला, त्याच्या खांद्यावरून पुढं आणला आणि त्याच्या नाकासमोर धरला.

"हे काय आहे?"

त्यानं पुंजक्याकडं पाहिलं. मग हात मागे नेऊन पाठ चाचपली. हाताला लागलं असणार. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.

"कापूस हाय सर."

"रानातून सायकल चालवताना पाठीला कापूस लागतो?"

"नाई सर. गाडीवर चढलो होतो."

रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. "लमाणाले बैल सापडला नसन," एक जण कुजबुजला, आणि आणखी दोघं हसले.

"कशाला चढलास?"

"सायकल टाकाले."

"कोणाची?"

लेझमीची मुलं चाळवाचाळव करत होती. मी त्याच्या डाव्या हाताला उभा होतो, हातभर अंतरावर.

"कोणाची सायकल, विचारतोय मी."

"ज्याची हाय तो सांगन सर," तो म्हणाला. अगदी शांतपणे. त्याच्या आवाजात जरासुद्धा संशय नव्हता. बैलाला भाकर चारायला माणूस उठणारच, फक्त जरा वेळ द्यावा, असा तो आवाज होता.

सर रांगेकडे वळले. "कोणाची सायकल ट्रकमध्ये होती? पुढं या."

तेरा जण होतो. चिंचेवर कावळे होते. मी माझ्या सायकलच्या घंटीकडे पाहत होतो. तिच्या वाटीवर माझा चेहरा वाकडा दिसत होता. बारा माणसं गप्प होती कारण त्यांना माहीत नव्हतं. मी गप्प होतो.

सरांनी चाचाला हाक मारली. चाचा जवळ आला, टोपी काढली. "साब, मैं गाडी आगे देखके चलाता. पीछे कौन चढा कौन उतरा, मेरेकू क्या मालूम?" त्याची नजर माझ्यावरून एकदा गेली. त्यालाही नोकरी होती.

"बस्स," सर म्हणाले. "सायकल ट्रकमध्ये टाक आणि बस. चढलाच आहेस तर नीट बस आता. वणीपर्यंत, आणि परत यवतमाळपर्यंत."

तो म्हणाला, "मी गाडीत नाई बसत सर."

"मग चालत ये."

शिट्टी झाली. बारा आणि मी, तेरा घंट्या. गावात शिरलो. कोणीतरी माझ्या गळ्यात हार घातला, झेंडूचा, ओला. एका बाईनं ओवाळलं, कुंकू नाकावर ओघळलं. सरपंचांनी भाषण केलं की ही मुलं म्हणजे उद्याच्या बलवान महाराष्ट्राचे शिलेदार. मुंबई राज्य म्हणायचं की महाराष्ट्र, हेही तेव्हा पक्कं नव्हतं, पण टाळ्या झाल्या. मी गर्दीच्या डोक्यांवरून मागे पाहिलं. तो रस्त्याच्या कडेला सायकल धरून उभा होता. निळा सदरा त्यानं काढून हँडलला बांधला होता. बनियनवर उभा.

मारेगाव ते वणी अकरा-बारा मैल. तो ट्रकच्या मागे येत राहिला, ट्रकची सगळी धूळ खात. मी आता शेवटच्या जोडीत एकटाच होतो. दोनदा मला वाटलं, थांबावं. थांबलो नाही. पाय आपोआप फिरत होते. तापानंतर अंगात जी पोकळी येते ती होती, आणि तिच्यात एक लहानशी खुशीही होती. हे कोणाला सांगायचं? पण होती. जून दिसत होता.

वणीत ऊन कलताना पोचलो. मोठं गाव, मोठी मिरवणूक. कापसाच्या गाड्यांनी रस्ता अडवलेला, त्यांच्यामधून वाट काढत आम्ही शाळेच्या पटांगणात आलो. तिथं सतरंज्या, चिवडा, चहा. सर वही घेऊन बसले. मला बोलावलं.

"तुझी तब्येत ठीक नाही वाटत. पण पायडल सोडलं नाहीस. मी पाहत होतो." त्यांनी वहीत काही लिहिलं. "त्याची मला तुझ्याइतकीच आशा होती. पण माणूस एकदा घसरला की घसरला."

मी म्हणालो, "हो सर."

पटांगणाच्या फाटकाशी तो होता. विहिरीवर जाऊन त्यानं सदरा धुतला होता. ओला सदरा घडी करून घेऊन आला, सरांसमोर सतरंजीवर ठेवला आणि नमस्कार केला. सरांनी मान हलवली. मग तो माझ्याजवळ आला. मला वाटलं, आता. मी तयार झालो. कसा तयार झालो कोण जाणे, कदाचित रागावण्याच्या तयारीत होतो.

तो म्हणाला, "ताप उतरला का?"

"उतरला."

"परवा ताप पुन्हा येईन. कोयनेलची गोळी घे." तो थोडा वेळ उभा राहिला. पटांगणात सगळे होते, सर होते, वही उघडी होती. मुक्काम पडला होता. तो उभा होता आणि मी चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसलो होतो. मग त्यानं सायकल वळवली आणि उजेड असेतो जेवढं जाता येईल तेवढं जावं म्हणून आल्या वाटेनं निघून गेला.

जूनमध्ये जागा मला मिळाली.

तेव्हापासून मी मुलांना 'सावधान'मध्ये उभं राहायला शिकवतो. बायको चांगली मिळाली, मुलं शाळेत जातात. काही वाईट झालं नाही. वाईट झालं असतं तर थोडं फिटल्यासारखं वाटलं असतं, पण तसं झालं नाही. प्रमुख सर वारले, त्यांच्या शोकसभेत मी बोललो. तेव्हाही सांगता आलं असतं.

तर यंदा तांड्यावर गेलो. घाटंजीपासून दोन कोस चालत. माळावर पंचवीस-तीस घरं. एका घरापुढं एक म्हातारी बसली होती, हातभर पांढऱ्या बांगड्या. मला पाहून आत ओरडली, "कोर आयो छ!" बाहेरचा माणूस आला, असं.

तो घरामागे अंबाडीचा दोर वळत बसला होता. केस वयाआधीच पिकले होते. त्यानं मान वर करून पाहिलं आणि हात चालूच ठेवले.

"या मास्तर."

"घाटंजीले आलतो. म्हटलं भेटून जावं."

"खोटं काहून बोलता? घाटंजीच्या कामाले इकडं वाट नाई."

मी खाली बसलो. आणि सांगितलं. बारा वर्षांत पहिल्यांदा तोंडानं सांगितलं. सदऱ्यावर कापूस दिसला होता, दिसूनही नाही म्हणालो, का म्हणालो, सगळं. तो दोर वळत होता. माझं झाल्यावर म्हणाला, "मले माहीत हाय."

"काय माहीत आहे?"

"तुहा हात उठला होता. पाठीले समजते ना बापा, मांगं हात आला का. मंग खाली गेला. मले वाटलं, साफच असन. मारेगावले सरनं कापूस नाकापुढं धरला, तवा समजलं."

"मग तू बोलला का नाहीस?"

"वाट पाह्यली." त्यानं दोराला पीळ दिला. "मारेगावले पाह्यली. वणीले पाह्यली. वणीवरून येतानीबी मांगं पाहत आलो, तू सायकलवर येशीन म्हणून. करंजीपर्यंत पाह्यलं. मंग किती पाहायचं?"

मी म्हटलं, "मी आता लिहून देतो. संस्थेला. छापून आणतो, तुझ्या नावानिशी."

त्याचे हात पहिल्यांदाच थांबले. "नको."

"का नको?"

"आयक. मी घरी आलो, मांगून फेरीची खबरबी आली, तवा बा म्हणला, गाडीत काहून बसला? म्या म्हटलं, नाई बसलो. दोन वरस म्हटलं. कोणी आयकेना. बा माह्याशी बोले नाई. माह्या हातचं पाणी घे नाई. मंग एक दिवस म्हणून टाकलं, हो बा, बसलो होतो, पाय थकले होते. तवापासून बोलाले लागला. हसे मंग. लोकायले सांगे, आमचा मास्तर ट्रकात बसून वणीले गेलता. तसंच सांगत मेला तो." त्यानं दोर पुन्हा हातात घेतला. "आता बायकोले, पोरायले, साऱ्या तांड्याले तेच माहीत हाय. आता तू खरं छापशीन. मंग मी बापासंग खोटं बोललो, तो खोट्यावरच मेला, हे मी कोणाले सांगू?"

त्यानं दोराला आणखी एक पीळ दिला. 

"लिहायचंच असन तं लिही. माहं नाव नको. अन् तुहंबी नको. तुहं टाकलं तं माहं समजते."

म्हणून वर कोणाचंच नाव नाही, आणि ही पानं स्मरणिकेला जायची नाहीत.

तेवढ्यात त्याची बायको चहा घेऊन आली. मागे तीन-चार पोरं. तिनं कप माझ्यापुढं ठेवला आणि डोक्यावरचा पदर सावरत त्याला विचारलं, "हे कोण जी?"

"हायस्कूलचे मास्तर. सायकल फेरीत संग होते माह्या."

तिचा चेहरा खुलला. "तं तुमी पाह्यलं असन मास्तर! खरंच हे ट्रकात बसून गेलते का? का उगाच सासऱ्याले हसवाले सांगत?"

पोरं पुढं सरकली. तो दोर मांडीवर ठेवून माझ्याकडे पाहत होता. पोरं वाट पाहत होती.

मी म्हणालो, "हो. बसला होता."

पोरं खो-खो हसली. तीही हसली. तो हसला, आणि म्हणाला, "घ्या मास्तर, चहा थंडा होते."